पेटीची गावपळण

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

संचिता आज पुण्याला परत गेली आणि जाताना माझ्याशी भांडून गेली. लेक माझीच, तेव्हा भांडण अर्ध्यावर सोडणं तिला जमत नाही.

निमित्त पेटीचं. पेटी म्हणजे माझा सर्व्हर. टीव्हीखालच्या कपाटात मावेल एवढा संगणक, दिवसरात्र चालू. त्यात आमच्या घरचे फोटो, शेजारच्या तेजस्वीच्या घरचे फोटो, भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, शिवाय विहिरीचा पंप आणि टाकी तोच सांभाळतो. आपली चीजवस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही, आपल्याच घरात ठेवायची, म्हणून निवृत्तीनंतर मी हा उद्योग मांडला. गावाने त्याचं नाव पेटी ठेवलं, मीही तेच म्हणतो.

काल भाऊबीजेला घर भरलेलं. मी ऐटीत सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं, जुने फोटो दाखवतो म्हणालो, आणि पेटी मेलेली! वीज गेली होती, परत आली, पण पेटी उठलीच नव्हती. मला पत्ता नाही. पाहुणे हसले. संचिता हसली नाही.

"बाबा, पेटी दोन दिवस बंद आणि तुमका ठावकच नाय. उद्या तुमकाच काय झाला तर कोणाक कळतला? चला पुण्याक."

माझी बायको स्वप्ना गेल्यापासून हे पुणेपुराण चालू आहे. मी म्हटलं, मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. भर समुद्रात आख्खी बोट उजेडात ठेवली आहे आणि घरातली एक पेटी मला सांभाळता येणार नाही? ती म्हणाली, सांभाळून दाखवा. ठरलं. आजपासून संक्रांतीपर्यंत पेटी बंद पडली नाही तर पुण्याचं नाव ती कधीही काढणार नाही. पडली, तर मी सामान बांधायचं. इंटरनेट गेलं तर माफ, पेटी बंद पडली तर नाही.

जाण्याआधी तिने माझ्या फोनमध्ये निरोपाचं ॲप बसवून दिलं. पेटीने काही कळवलं की फोन वाजतो. चाचणी म्हणून तिने ते स्वतःच्या फोनातही टाकलं. नंतर काढलं असेल. ऑफिसात तिचं दिवसभर हेच काम, असल्या शेकडो पेट्यांवर नजर ठेवायचं. त्यात घरची ब्याद कोण घेतो?

२९ ऑक्टोबर

चार दिवस लिहायला फुरसत नव्हती. पेटीवर लक्ष ठेवणारं साधन निवडायचं होतं, आणि हा बाजार मासळीच्या लिलावापेक्षा मोठा आहे. शेवटी प्रोमिथियस आणि ग्राफाना ही जोडी बसवली. पहिलं पेटीची नाडी मोजतं, दुसरं ती चित्रात दाखवतं. काय सुरेख दिसतं! काटे, रंगीत रेषा, तापमान, डिस्क, इन्व्हर्टरची बॅटरी, टाकीतलं पाणी. हुबेहूब आमच्या इंजिन कंट्रोल रूमचं पॅनेल. मी खुर्ची ओढून चहा घेत बघत बसलो होतो.

तेजस्वी नीरफणस घेऊन आली. ती अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे मला अंगणवाडीतलाच समजते. तिने पडदा बघितला.

"काकानू, बरा दिसता हां. पण ह्या बिघडला काय तुमका सांगतला कोण?"

"हयसर दिसतला मा. लाल होता."

"म्हणजे तुम्ही दिवसभर हेच्याच समोर बसतल्यात? मगे पेटी तुमची राखण करता की तुम्ही पेटीची?"

मी नीरफणस घेतला आणि विषय बदलला. पण बाईचं म्हणणं खोटं नाही. पॅनेल बघायला कोणी नसेल तर ते भिंतीवरचं कॅलेंडर.

३ नोव्हेंबर

अलार्म लावले. हौसेने लावले आणि पस्तावलो. डिस्क कोमट झाली, फोन वाजला. टाकी भरली, फोन वाजला. टाकी रिकामी झाली, फोन वाजला. वीज एक क्षण लवली, दोनदा वाजला. काल देवळात बाबलीकाका देवाला गाऱ्हाणं घालत होते आणि माझ्या खिशात कोंबडीसारखा गोंधळ. काका देवस्थानाचा कारभार बघणाऱ्या बारापाच मानकऱ्यांतले, वयाने ऐंशीच्या पुढचे. गाऱ्हाणं थांबवून म्हणाले, "गुरुदासा, तुझ्या पेटीक काय होया ता एकदा इचारून घे, मगे देवाक सांगतंय." सगळा सभामंडप हसला.

दोष साधनाचा नाही, माझा. जहाजावर मीच पोरांना शिकवायचो: ज्या अलार्मसाठी माणसाने उठायचं नाही, तो अलार्म लावायचा नाही. नाहीतर चौथ्या दिवशी माणूस खऱ्या अलार्मलाही कूस बदलून झोपतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो. आज बसून सगळे काढले, दोन-तीन ठेवले. त्याशिवाय रोज सकाळी चहाच्या वेळेला पेटीने "सर्व ठीक" असा एकच निरोप पाठवायचा, म्हणजे दिवसाची सुरुवात बरी होते.

संचिताचे फोन मात्र वाढले आहेत. तेही भलत्याच वेळी. पेटीचा अलार्म वाजतो, तो बंद करतो न करतो तोच हिचा फोन. "काय करतास? जेवलास?" म्हटलं, आत्ता अकरा वाजता कोण जेवतो? योगायोग, दुसरं काय. ऑफिसात काम कमी असावं.

११ नोव्हेंबर

आज भलताच प्रकार.

सकाळी मसुऱ्याला गेलो होतो, फोन घरीच राहिला. परत येतो तर तेजस्वी माझ्या पडवीत, धापा टाकत. "काकानू, खंय होतात? संचिताचो फोन इलो माका. बघ म्हणाली, बाबा बरे आसत मा!"

मला राग आला. चांगला धडधाकट माणूस बाजारात जातो, तर गावभर शोध? संचिताला फोन करून झापलं. ती एवढंच म्हणाली, "बरा. जेवा आता." आवाज बसलेला वाटला, पुण्यात थंडी पडली असेल.

मग पेटी बघितली तेव्हा माझंच डोकं गरम झालं. रात्रीपासून इंटरनेटची तार तुटलेली. पेटी चालू, अलार्म लावलेले, पण घराबाहेर शब्द जाईल कसा? सकाळचा "सर्व ठीक"सुद्धा आलेला नव्हता आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. फोन गप्प, म्हणून मी खूश!

इथे जहाज परत आठवलं. इंजिन रूममध्ये कोणी एकटा उतरला की त्याने ठराविक वेळाने एक बटण दाबायचं. दाबलं नाही तर वर ब्रिजवर घंटा. माणसाने हाक मारायची वाट बघायची नाही, त्याचा आवाज थांबला की धावायचं. म्हणजे पेटीची राखण करणारा पेटीच्या घरात असून चालणार नाही, तो बाहेर हवा. घराला आग लागली तर घरातल्याच घंटेवर काय भरवसा!

प्रश्न असा की बाहेर म्हणजे कुठे? विश्वासाचं, दिवसरात्र वीज असलेलं घर मला एकच ठाऊक आहे. पण पैज जिच्याशी, तिच्याच दारात जायचं?

१६ नोव्हेंबर

गेलो. म्हणजे फोन केला. फार तोंड वाकडं करून म्हटलं, तुझ्याकडे एक छोटा डबा ठेवशील का, माझ्या पेटीवर लक्ष ठेवायला. वाटलं होतं टोमणा मारेल. ती लगेच "हो" म्हणाली. इतक्या लगेच की माझी पुढची तीन वाक्यं वाया गेली. त्याच संध्याकाळी तिने तळहाताएवढा संगणक आणून त्यावर अपटाइम कुमा नावाचं राखणीचं साधन बसवलं आणि मला फोटो पाठवला. डबा तिच्या पलंगाशेजारी ठेवलेला दिसला. मी म्हटलं, हॉलमध्ये ठेव, झोपेत दिवे कशाला? म्हणाली, राहू दे.

आता व्यवस्था अशी: माझी पेटी दर मिनिटाला पुण्याला एकच शब्द पाठवते, "आसंय," म्हणजे मी आहे. तो शब्द पोचला नाही तर पुणं माझ्या मोबाइलवर घंटा वाजवतं. आज मुद्दाम तार काढून बघितली. फोन वाजला! मी टाळी वाजवली. तार परत लावेपर्यंत संचिताचाही फोन. चाचणी आहे गो, म्हटलं. "माका काय म्हायत?" म्हणाली. खरंच की, तिला काय माहीत.

या पंचक्रोशीत असली व्यवस्था कुणाच्या घरी असेल तर त्याने समोर यावं.

२५ नोव्हेंबर

देवाचा कौल झाला. गावपळण आहे.

आमच्या गावाची ही रीत. काही वर्षांनी एकदा अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामा करायचा. माणूस, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी वेशीबाहेर. घरात चूल नाही, दिवा नाही. वहाळ म्हणजे आमचा ओढा, त्याच्या पलीकडच्या शेतात झोपड्या घालून राहायचं, आणि देवाने परत कौल दिला की घरी यायचं. गेल्या वेळी मी बोटीवर होतो, त्याच्या आधीही. म्हणजे लहानपणानंतरचं हे माझं पहिलंच, आणि मी पोरासारखा खूश झालो.

मग एकदम पेटी आठवली.

२८ नोव्हेंबर

बाबलीकाकांकडे गेलो. वाटेत उत्तर तयार केलं होतं: पेटी काही जीव नाही, फ्रीजसारखी वस्तू आहे. इन्व्हर्टरवर निमूट पडून राहील. काकांनी सगळं ऐकलं.

"गप बसतली?"

"गप. नुसता दर मिनिटाक पुण्याक एक शब्द धाडतली."

"काय शब्द?"

सांगितलं. काका मान हलवत राहिले.

"अरे, आम्ही देवाक सांगान जातलंव की महाराजा, गावात कोण एक नाय. आणि तुझी पेटी थयसून जगाक सांगतली, आसंय. मगे गाव रिकामो खंय झालो?"

"काका, तो नुसतो संगणक."

"मी तुका बंद कर म्हणतंय काय? घर तुझा, पेटी तुझी. मी काय येवन बघूचंय नाय. तूच ठरव."

रागावले असते तर मीही वाद घातला असता. पण हे असं बोलून त्यांनी सगळं माझ्याच गळ्यात घातलं.

२ डिसेंबर

चार दिवस मनाशी भांडतोय. इथे खोटं लिहून काय उपयोग, म्हणून लिहितो: पेटी चालू ठेवली तर कोणालाही कळणार नाही. कपाटाचं दार लावलं की झालं. बंद केली तर पैज हरलो, सामान बांधायचं, आणि उरलेलं आयुष्य पुण्यातल्या आठव्या मजल्यावरून लोकांच्या गाड्या मोजायच्या. या अंगणातून मला हलायचं नाही. आई शप्पथ, नाही हलायचं.

पण आज भजनाला बसलो होतो आणि आजूबाजूला बघितलं. तेजस्वीची म्हैस विणार आहे, तरी ती तिला हळूहळू चालवत नेणार. एका घरी लग्न ठरलेलं, त्यांनी तारीख पुढे ढकलली. कोणी कुरकुरत नाही. बोटीवरून नेमक्या याच दिवसांसाठी मी किती वर्षं झुरलो, आणि आता इथे असून माझा एक दिवा गुपचूप जळत ठेवायचा? माझं मन घेईना.

बंद करणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

निघायच्या आधीच घाईत लिहितो. तेजस्वीने दोन हाका मारून झाल्या.

पंप बंद केला, मग एकेक सेवा बंद केली, मग पेटी, शेवटी मेन स्विच. घाईने नाही, जहाज गोदीत लावताना जसं क्रमाने थंड करायचो तसं. त्याआधी मोबाइलवरून पुण्याच्या डब्यात नोंद घातली. कुमामध्ये ठरवून केलेल्या बंदीसाठी एक जागा असते, म्हणजे तो उगाच बोंब मारत नाही. तिथे कारण विचारतात. मी लिहिलं: गावपळण. कधी चालू होणार, याची खात्रीची वेळ मला देता येईना. देवाच्या मनात असेल तेव्हा.

संचिताला फोन केला नाही. हरलो हे आपल्या तोंडाने सांगायला तीन दिवस मिळाले तर बरे.

७ डिसेंबर, रविवार, वहाळापलीकडे

काय सांगू! झावळ्यांच्या झोपड्यांचा आख्खा वाडा उभा राहिला आहे. एका चुलीवर भात, दुसरीवर सुकटीचं तिखलं. कोंबड्या टोपल्यांखाली भांडतायत. बायकांनी काल दुपारी फुगड्या घातल्या, त्यात तेजस्वीने सगळ्यांना दमवलं. मी वायर आणि बॅटरी जोडून सगळ्या झोपड्यांना उजेड दिला, त्यामुळे माझा भाव वधारला आहे. समोर वहाळापलीकडे आमचा गाव, धूर नाही, आवाज नाही.

आणि आज सकाळी रिक्षातून संचिता उतरली! न कळवता. मी म्हटलं, आलीस कशी? म्हणाली, "गावपळण तुमची एकट्याची आसा काय?" मग झोपडीत बसून पेजेचा वाडगा रिकामा केला आणि म्हणाली, "मेन स्विच शुक्रवारी सकाळीच काढलास मा?"

"तुका कसा कळला?"

"असाच." आईसारखीच, काही विचारलं की "असाच".

मी मनाचा हिय्या करून सांगून टाकलं. हरलो. पेटी मीच बंद केली, सामान बांधतो.

"बाबा, हरलास खंय? बंद पडणा येगळा आणि बंद करणा येगळा. माझ्या ऑफिसात सगळ्यांका तुमची नोंद दाखवली मी. कारण, गावपळण. आमचे साहेब दोनदा वाचत बसले." मग तिने गावाकडे बोट केलं. "आख्खो गाव मुद्दाम बंद करतास, सगळे बाहेर पडतास, आणि मगे परत सुरू करून बघतास. आमच्या कंपनीत ह्या करूची एकाची हिंमत नाय. बंद केला आणि परत उठलाच नाय तर, ह्या भितीनच सगळे मरतत."

छाती भरून आली. माझी एकट्याची नाही, तिथे बसलेल्या सगळ्यांची. बाबलीकाकांनी तर तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

नंतर भांडी घासताना ती सहज म्हणाली, "तुम्ही बोटीर असताना म्हयनोम्हयनो निरोप नसायचो. आई म्हणायची, निरोप नाय म्हणजे बरे आसत. माका ता कधी पटला नाय." विषय पेटीचा चालला होता, त्यात हे मधेच कुठून आलं कळलं नाही. मी म्हटलं, तेव्हा तसंच असायचं. तिने तवा जरा जास्तच जोराने घासला.

८ डिसेंबर, सोमवार, घरी

कौल मिळाला! ढोल वाजला आणि सगळे उठले. वेशीवर बाबलीकाकांनी गाऱ्हाणं घातलं. गुरांना सांभाळ, पोरांना सांभाळ, परगावी असलेल्यांना सांभाळ. प्रत्येकाला लोकांचं "व्हय महाराजा!" आणि मग, काही कल्पना नसताना, "आणि ह्या गुरुदासान आपली पेटी तुझ्या शब्दाखातर गप ठेवली हा, ती परत जशीच्या तशी बोलती कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" एवढ्या गळ्यांतून. माझी नजर धूसर झाली, लपवण्यात अर्थ नाही.

घरी येऊन मेन स्विच लावला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. दिवाळीत हीच पेटी वीज आल्यावर उठली नव्हती. मधल्या काळात मी उठण्याचा क्रम बसवून घेतला होता, पण मेन काढून कधी बघितला नव्हता. आधी पंखा घुरघुरला. मग डिस्क. मग बराच वेळ काही नाही. दारात तेजस्वी, तिच्यामागे आळीतली निम्मी माणसं. संचिताने फोन हातात धरलेला. मग तिने तो माझ्याकडे वळवला. हिरवी पट्टी, आणि एक शब्द: आसंय.

मी एका बटणालाही हात लावला नव्हता. सगळं आपलं आपण, क्रमाने उठलं.

९ डिसेंबर

आज ती गेली. निघताना म्हणाली, संक्रांतीपर्यंत थांबायला नको, पैज तुम्ही जिंकलात. पुण्याला चला असं मी पुन्हा म्हणणार नाही. शब्द म्हणजे शब्द, बाबा.

जिंकलो! संध्याकाळी पडवीत झोपाळ्यावर बसून स्वतःशीच दोनदा म्हटलं. हे अंगण आता कायमचं माझं.

२० डिसेंबर

पेटी उत्तम. टाकी, पंप, डिस्क, सगळं ठीक. लिहिण्यासारखं काही झालं नाही, म्हणून लिहिलं नाही.

संचिताचे फोन येतात. जेवलास का, पेटी कशी आहे, म्हैस व्याली का. पुण्याचं अवाक्षर नाही. शब्दाची पक्की, माझ्यावर गेली आहे. पण रोज फोन ठेवताना मी जरा थांबतो. इतकी वर्षं ज्या वाक्यावर वैतागलो ते येईल म्हणून. येत नाही. आता ते ती कधीच म्हणणार नाही, कारण ते मी जिंकून घेतलं आहे. हे पैज लावताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आज दुपारी मीच फोन लावला. पेटी कशी उठवायची ते तेजस्वीला शिकवतो आहे, झटपट शिकते, असं काहीबाही बोललो. मग म्हटलं, "जानेवारीत पंधरा दिवस येव काय तुझ्याकडे? नुसतो येतंय हां. ऱ्हवाक नाय."

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, परत तार तुटली.

"संचिता? ऐकाक येता मा?"

"येता," ती म्हणाली. आवाज परत बसलेला. "परत एकदा सांगा."

मग मी परत एकदा सांगितलं.